डिस्चार्ज लिहून झाला, आता जायचं कुठे?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


आपल्या खात्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मंजूर खाटा येरवड्याला 2540, ठाण्याला 1850, नागपूरला 940 आणि रत्नागिरीला 365. या खाटांवर झोपणाऱ्या कितीतरी जणांच्या केसपेपरवर डॉक्टरांनी केव्हाच लिहून ठेवलंय, की यांना आता इथे ठेवायची गरज नाही. ही माणसं गोळ्या वेळेवर घेतात, भाजी निवडतात, पेपर वाचतात, वॉर्डात आलेल्या नव्या पेशंटला अंघोळीला घेऊन जातात. घरी जायचं का विचारलं तर हो म्हणतात. तरी ती तिथेच आहेत, कारण त्यांना न्यायला कुणी येत नाही.

माझी सगळी नोकरी एका सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून झाली. कुठल्या ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं, तर तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांकडून खुलासा मागवला जाईल, तो दोन पानी खुलासा फायलीला लागेल आणि प्रश्न निकाली निघाल्याची नोंद होईल. हे मला नको आहे. मला बोलायचं आहे ते धोरणाबद्दल, आणि ते ठरवणं एकट्या अधीक्षकांच्या हातात नसतं.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 आपल्याला माहीत आहेच. 2018 पासून तो लागू आहे. त्यातलं कलम 19 मात्र मी पुन्हा आपल्यासमोर ठेवते. कुटुंब नाही, किंवा कुटुंब घरात घेत नाही, किंवा राहायला घर नाही, किंवा बाहेर सोय नाही, केवळ एवढ्या कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं ते सांगतं. ज्यांना रुग्णालयाची गरज उरलेली नाही त्यांच्यासाठी सरकारने वाजवी मुदतीत हाफवे होम, समूह-घरं अशा सोयी उभ्या कराव्यात, असंही तेच कलम सांगतं. वाजवी मुदत म्हणजे किती, ते कायद्यात लिहिलेलं नाही. त्या एका मोकळ्या जागेत आपलं राज्य इतकी वर्षं आरामात बसलं आहे.

मुंबई उच्च न्यायालयात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांची जनहित याचिका चालली, तेव्हा राज्याच्याच यंत्रणेने आकडे दिले. दहा वर्षांहून जास्त काळ चार रुग्णालयांत असलेले रुग्ण 475, आणि त्यांपैकी घरी जाण्याजोगे 263. यात आठ वर्षं, पाच वर्षं, तीन वर्षं राहिलेले आलेच नाहीत. हे आकडे न्यायालयाने मागितल्यावर बाहेर आले, हे मला जास्त बोचतं. ज्यांना आपण विनाकारण अडकवून ठेवलंय त्यांची मोजणी आपल्या खात्याला स्वतःहून का करावीशी वाटली नाही? पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण रोजच्या रोज मोजणारं हे खातं आहे.

त्याआधी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपल्या राज्याला थांबवावं लागलं होतं. बऱ्या झालेल्या माणसांना आपण भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवत होतो. भिक्षेकरी गृह हे 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पकडून आणलेल्यांसाठी असतं. म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाला आपण एका कुलपातून काढून दुसऱ्या कुलपात घालत होतो, आणि कागदावर त्याला पुनर्वसन म्हणत होतो.

आता नातेवाइकांबद्दल लिहिते, कारण या विषयावर मंत्रालयात बोलणं निघालं की पहिलं वाक्य हमखास येतं : घरचेच नेत नाहीत, सरकार काय करणार? मी होम व्हिजिट केल्या आहेत. सगळे पत्ते खोटे नसतात आणि सगळे भाऊ दगडाच्या काळजाचे नसतात.

एका भावाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही. मराठवाड्यातलं लहान गाव. धाकट्याला घेऊन आम्ही दारात उभे राहिलो, तेव्हा थोरल्याने आधी त्याला पाय धुवायला पाणी दिलं. चहा झाला. धाकटा ओसरीवर बसून पुतण्याला त्याच्या शाळेबद्दल विचारत होता. मग थोरला मला गोठ्याकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "मॅडम, भाऊच हाय माझा, नाही कसं म्हणू? पण ह्या गोळ्या कुठं मिळायच्या ते सांगा." मी प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव घेतलं. तो तिथे जाऊन आला होता. तिथे त्या गोळ्या नव्हत्या. ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर ठरावीक दिवशी येतात, तेही आले तर. महिन्याचं इंजेक्शन जिल्ह्याच्या गावी. दोन एसट्या बदलून जायचं, सोबत एक माणूस लागणार, म्हणजे दोघांची मजुरी बुडणार, आणि तिथे औषध शिल्लक नसलं तर हात हलवत परत. "आणि औषध चुकल्यावर काय होतंय ते आम्ही बघितलंय," तो म्हणाला. मागच्या खेपेला त्याच्या बायकोने बाळाला उराशी धरून रात्र शेजाऱ्याकडे काढली होती.

परत निघताना तलाठ्याकडून आणखी एक गोष्ट कळली. वडिलांच्या मागे सात-बाऱ्यावर दोघा भावांची नावं लागली होती, पण रेशनकार्डावरून धाकट्याचं नाव केव्हाच कमी झालं होतं, आणि जमीन कसायला थोरला एकटाच. भावाने जमिनीचा विषय माझ्याकडे काढलाच नाही. त्याची भीती खरी होती आणि त्याचा फायदाही खरा होता. माणसं बहुतेक अशीच असतात. सरकारचं काम त्यातली भीती कमी करण्याचं आहे, आणि फायद्याच्या बाबतीत दुबळ्याच्या बाजूने उभं राहण्याचं. त्याच कलम 19 मध्ये हेही आहे : कुटुंबाने टाकलं असेल तर कायदेविषयक मदत देऊन त्या व्यक्तीचा कुटुंबाच्या घरातला हक्क बजावायला सरकारने साहाय्य करावं. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही रुग्णाच्या वतीने असा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलेला मी पाहिला नाही. वॉर्डाच्या भिंतीवर विधी सेवेचा फलक मात्र होता, छान रंगवलेला.

बायकांचं वेगळं लिहायला हवं. पुरुषाच्या मागे निदान सात-बारा तरी असतो. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याने दाखल केलं, की सहा महिन्यांत फोन उचलणं बंद होतं, वर्षा-दोन वर्षांत तिथे दुसरी नांदायला आलेली असते. माहेरी जावं तर भावजय म्हणते, मुलीचं स्थळ बघतोय, आता नको. मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात आहे, पण आमच्या बायकांच्या नवऱ्यांना तेवढीही तसदी घ्यावी लागली नाही. त्यांनी नुसता पत्ता बदलला. वॉर्डात अशी एक बाई होती, जिला आमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचे वाढदिवस पाठ होते. स्वतःची मुलं किती वर्षांची झाली ते ती बोटांवर मोजून सांगायची, आणि कधी चुकायची नाही.

आतल्या दिवसांबद्दलही कायदा गप्प नाही. कलम 20 वाचलं की वाटतं, लिहिणाऱ्याने वॉर्डात राहून पाहिलं असावं. माणसाला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यावेत. सक्तीने डोकं भादरू नये. बायकांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाव्यात. खासगीपणा असावा. सक्तीने काम करवून घेऊ नये, आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यावा. आता वॉर्डात या. कपडे एकाच थानातले, एकत्र धुतलेले, घडी आली ती अंगात घालायची. कुणाला सैल, कुणाला आखूड. नाडी नसते, कारण नाडीचा फास होईल अशी भीती. मग चालताना एक हात कायम कमरेला. स्वतःचं असं ठेवायला कपाट नाही, त्यामुळे कुणी भेट दिलेला कंगवा उशीखाली, आणि उशी नसेल तर ब्लाउजमध्ये. चष्मा हा फार मोठा प्रश्न आहे, मंत्रिमहोदय, यावर हसू नका. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा चष्मा एकदा फुटला की त्याचं वाचन संपलं, आणि मग तो दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. राऊंडच्या नोंदीत हे आजाराचं लक्षण म्हणून उतरतं.

मोबदल्याचं तर विचारूच नका. बागेत, स्वयंपाकघरात, धोबीघरात बरे झालेले रुग्णच हात चालवतात. त्यांच्याशिवाय ती खाती चालणार नाहीत, हे आतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याला व्यवसायोपचार म्हटलं की पैशाचा विषय निघत नाही. आणि पैसे द्यायचे तर बँकेत खातं हवं, खात्याला आधार हवं, आधारला पत्ता हवा. इथेच कधीकधी गंमत होते. रुग्णालयात आधारचं शिबिर लावलं की काहींची नवी नोंद होतच नाही, कारण त्यांच्या बोटांचे ठसे आधीच कुठल्या तरी गावात नोंदलेले असतात. त्या धाग्याने कितीकांची घरं सापडली आहेत. अशी शिबिरं नेमाने घ्या, एवढीच विनंती. घर शोधता येतं, हे कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने आणि डॉ. भरत वाटवानींनी दाखवून दिलं आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या माणसांना बरं करून देशभरातल्या घरी पोचवण्याच्या कामासाठी 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांना जे जमतं ते आपल्या खात्याला जमू नये, असं काही नाही.

परिचरांना यात दोष देऊ नका. रात्रपाळीला एक-दोन माणसांवर अख्खा वॉर्ड सोपवायचा आणि सकाळी हक्कांवर कार्यशाळा घ्यायची, हे मी खूप पाहिलं. आपली रिकामी पदं भरा, मग कार्यशाळा घ्या.

मूळ मुद्द्यावर येते. या माणसांसाठी आपल्याला नव्या इमारती बांधायच्या आहेत असं दिसतं. जुनी, गळकी रुग्णालयं नव्याने बांधायला माझा विरोध नाही. तीव्र आजारातल्या माणसाला चांगली खाट हवीच. पण बऱ्या झालेल्या माणसाची अडचण खाटेची कधीच नव्हती. त्याला दार आतून लावता येईल अशी खोली हवी आहे. दहा मजली मनोरुग्णालय उभं राहिलं तरी तो दहाव्या मजल्यावर तसाच राहील, फक्त लिफ्टने वर जाईल.

चेन्नईच्या द बॅनियन या संस्थेची 'होम अगेन' ही पद्धत आपल्या अधिकाऱ्यांनी पाहिली असेल. रत्नागिरीपर्यंत ती पोचली आहे. चार-पाच जणींनी साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं, गरजेप्रमाणे मदतीला एक कार्यकर्ती, औषधं चालू, बाजारहाट आपला आपण, भांडणंही आपली आपण. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये समाजाधारित मानसिक आरोग्यसेवेचं मार्गदर्शन काढलं, त्यात जगभरच्या चांगल्या नमुन्यांत हा नमुना घेतला. परदेशी तज्ज्ञ आणायची गरज नाही. आपल्याच कोकणात एसटीने जाऊन बघता येईल अशी ही गोष्ट आहे. नागपूरच्या मनोरुग्णालयात 2016 पासून टाटा ट्रस्ट्सच्या 'उडान' प्रकल्पाने काम झालं, तेव्हा जुनं रुग्णालयही बदलू शकतं हे दिसलं. प्रश्न इतकाच, की हे सगळं देणगीदारांच्या मर्जीवर का? ट्रस्टचा करार संपतो, माणसं तिथेच असतात.

मला ठाऊक आहे, आपले सचिव इथे हरकत घेतील. हाफवे होम हे आरोग्य खात्याचं काम नाही, दिव्यांग कल्याणचं आहे. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, अभिमानाची गोष्ट आहे. दिव्यांग म्हणेल, औषधाची जबाबदारी आरोग्याची. निराधार बाई असेल तर महिला व बालविकास. साठीच्या पुढची असेल तर सामाजिक न्याय. एका बाईची फाईल या चार टेबलांवरून फिरताना मी बघितली आहे. ती चाळिशीत निघाली आणि साठीत पोचली, म्हणजे शेवटी सामाजिक न्यायाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. ठाणे आणि मुलुंड यांच्या मध्ये नवं रेल्वे स्थानक करायचं ठरलं, तेव्हा ठाणे मनोरुग्णालयाच्या जमिनीचा प्रश्न रेल्वे, महापालिका आणि आपलं खातं यांनी मिळून उच्च न्यायालयातून सोडवून घेतला. शहराला ते स्थानक हवंच होतं, माझी तक्रार नाही. पण जमीन मिळवण्यासाठी तीन यंत्रणा एकत्र येतात, मग त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांसाठी का येत नाहीत?

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे, आणि मला ती मान्य आहे. घाईने बाहेर काढलं तर माणसं रस्त्यावर येतील. अमेरिकेत तेच झालं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली मोठी मनोरुग्णालयं रिकामी केली, गावोगावच्या सेवा मात्र ठरल्याप्रमाणे उभ्या राहिल्या नाहीत. कितीतरी जण फुटपाथवर आणि तुरुंगात पोचले. इटलीने 1978 च्या 180 क्रमांकाच्या कायद्याने मनोरुग्णालयं बंद करायचं ठरवलं, आणि त्रिएस्तसारख्या शहरात ते निभावलं, कारण तिथे घरं आणि चोवीस तास उघडी केंद्रं हा कामाचाच भाग होता. आपल्याकडे तर एरवाडी घडून गेलं आहे. ऑगस्ट 2001 मध्ये तमिळनाडूतल्या त्या खासगी केंद्राला आग लागली आणि साखळीने बांधलेली 28 माणसं गेली. म्हणून सांगते, खाटा रिकाम्या दिसाव्यात यासाठी कुणालाही नोंदणी नसलेल्या आश्रमांत नेऊन सोडू नका. आधी घर, मग डिस्चार्ज.

मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळांबद्दल एवढंच. कायद्याने या मंडळांवर न्यायाधीश आहेत, डॉक्टर आहेत, आणि ज्यांनी आजार स्वतः भोगला किंवा घरी सांभाळला असे सदस्यही आहेत. दाखल राहण्याची मुदत नव्वद, एकशेवीस, मग एकशेऐंशी दिवसांनी वाढवायची तर मंडळाने विचारपूर्वक वाढवायची. पण पुढे पाठवायला जागाच नसेल तर मंडळ तरी काय करणार? मुदत वाढवतं. सही होते. पुढची तारीख पडते. ज्या दिवशी जिल्ह्यात पाच रिकाम्या खोल्या असतील, त्या दिवशी त्याच मंडळाला 'का ठेवलंय?' असं विचारण्याची ताकद येईल.

तेव्हा येत्या अर्थसंकल्पात या माणसांच्या घरभाड्यासाठी आणि त्या घरांतल्या कार्यकर्त्यांच्या पगारासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा. बांधकामाच्या लेखाशीर्षात ते मिसळू नका, नाहीतर पैसे सिमेंटमध्ये जातील. चारही खात्यांच्या वतीने सही करू शकेल असा एक अधिकारी नेमा आणि त्याचं नाव जाहीर करा. मानसिक आजाराची ठरावीक औषधं आणि महिन्याचं इंजेक्शन तालुक्याच्या रुग्णालयात बारा महिने मिळेल एवढं करा. माझा अनुभव सांगतो की निम्मे भाऊ तेवढ्यावर दार उघडतील, आणि उरलेल्यांशी विधी सेवेचे वकील बोलतील. बाहेर आलेल्यांना दिव्यांग प्रमाणपत्र आणि संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान डिस्चार्जच्या दिवशीच हातात द्या, नंतर तहसीलला खेटे घालायला लावू नका. आणि चारही रुग्णालयांकडून दर तीन महिन्यांनी एक यादी मागवा : घरी जाण्याजोगं म्हणून कधी लिहिलं आणि अजून का थांबलेत. नावं गोपनीय ठेवा, आकडा विधिमंडळाच्या पटलावर ठेवा.

आपण भेटीची वेळ दिलीत तर मी येईन. माझ्याबरोबर दोघी येतील. दोघींनी वॉर्डात बरीच वर्षं काढली आणि आता आणखी दोघींबरोबर भाड्याच्या घरात राहतात. घरमालकाचा करार, महिन्याचा किराणा, गॅस, रिक्षा, औषधं, सगळा हिशेब त्यांनी वहीत लिहून ठेवला आहे. आपल्या वित्त विभागाला तो बघायला आवडेल. फक्त मंगळवार सोडून बोलवा, त्या दिवशी एकीचं इंजेक्शन असतं आणि दुसरी तिच्यासोबत जाते.

आपली,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक